पहिली बातमी आणि तिचे दप्तर



आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, घंटेच्या खांबाशेजारी, एक फळा आहे. रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी वरच्या वर्गातील एक विद्यार्थी त्यावर त्या दिवसाच्या पाच बातम्या लिहितो. बातम्या कोणत्या घ्यावयाच्या आणि त्यांतील कोणती सर्वांत वर लिहावयाची, हे ठरविण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. संध्याकाळी शिपाई ओल्या फडक्याने फळा पुसून काढतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाच बातम्या येतात. या व्यवस्थेत काही उणे आहे असे मला कधी वाटले नव्हते. मागील वर्षी शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली, तिच्या आदल्या आठवड्यात आपल्या फळ्यावर पहिली बातमी कोणती होती?" येणाऱ्या साथीची चाहूल आपल्या शाळेला लागली होती की नाही, हे तिला पाहावयाचे होते. मला उत्तर देता आले नाही. त्या आठवड्याच्या बातम्या कोणत्याही वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत मिळाल्या असत्या. परंतु त्यांतील कोणती आम्ही वर ठेवली आणि कोणती खाली, ही गोष्ट फडक्याबरोबर गेली होती.

बातमी टिकते, पण तिचे स्थान टिकत नाही. ही अडचण आमच्या फळ्यापुरती नाही. इतरांनी आणलेल्या बातम्या एकत्र करावयाच्या, त्यांना क्रम लावावयाचा आणि लोकांपुढे ठेवावयाच्या, हा धंदा आज संगणक करीत असला तरी तो जुना आहे. आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला दोन प्रश्न पडत आले आहेत: वर काय ठेवावे, आणि नंतर जपून काय ठेवावे.

आपल्या देशापुरते पाहावयाचे तर मोगलांच्या अमदानीत सुभ्यासुभ्यांतून वाकियानवीस, सवानिहनिगार आणि खुफियानवीस असे निरनिराळे बातमीलेखक नेमलेले असत. एकाच्या बातमीची दुसऱ्याच्या बातमीशी पडताळणी व्हावी, हा त्यातला हेतू. निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी सांगतो की, ही पत्रे रात्री नवाच्या सुमारास महालातील स्त्रिया बादशहाला वाचून दाखवीत. याखेरीज खुद्द दरबारात जे घडे त्याची रोजची टिपणे होत. त्यांना अखबारात म्हणत. निरनिराळ्या राजांचे वकील दरबारी असत. ते या टिपणांच्या नकला मिळवून आपल्या धन्याकडे धाडीत. आंबेरच्या राजाकडे गेलेल्या अशा नकला शतकानुशतके जयपूरच्या दप्तरात राहिल्या आणि आज त्या बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत. कर्नल जेम्स टॉड याने जमविलेला एक भाग लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेला. सर जदुनाथ सरकार यांनी औरंगजेबाचा इतिहास लिहिताना या कागदांचा किती उपयोग करून घेतला, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे.

या अखबारांकडे आजच्या वर्तमानपत्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यांत महत्त्वाची बातमी अशी कोणतीच दिसत नाही. आधी तारीख, मग बादशहा कोठे बसले, कोण हजर झाला, कोणाला खिलत मिळाली, कोणाचा अर्ज आला. एखाद्या सरदाराला घोडा मिळाल्याची बातमी आणि एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याची बातमी शेजारी शेजारी, एकाच सुरात. महत्त्व ठरविण्याचे काम लेखकाने वाचणाऱ्यावर टाकलेले असते. प्रथमदर्शनी ही उणीव वाटते. पण तारखेवाचून कागद नाही, हा त्यांचा दंडक होता आणि त्यामुळेच तीनशे वर्षांनंतरही त्यांतील एकेक ओळ आपल्या जागी नेमकी बसविता येते. शिवाजी महाराजांच्या १६६६ सालच्या आग्रा-भेटीचा दिवसवार वृत्तांत आपणांस सांगता येतो, तो आंबेरच्या कारभाऱ्यांनी त्या वेळी लिहिलेल्या पत्रांच्या आधारे. ती पत्रे तारीखवार नसती तर त्या सुटकेभोवती आख्यायिकांचे रान कितीतरी अधिक माजले असते.

पुण्याच्या दरबारच्या बातम्या निजामाकडे पाठविल्या जात, त्यांचीही गोष्ट अशीच. हैदराबादच्या दप्तरखान्याने ती अखबारे १९५० नंतरच्या दशकात 'पूना अखबार्स' या नावाने छापून काढली. पेशव्यांच्या राजधानीत कोणत्या दिवशी काय बोलले जात होते हे जाणून घ्यावयास आज आपणांस हैदराबादेकडे पाहावे लागते, ही त्यातली गंमत.

हा दंडक केवळ आपल्याकडचा होता असे मात्र नाही. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील फुगर या सावकार घराण्यातील फिलिप एडुआर्ट आणि ऑक्टाव्हियान सेकुंडस या दोघा भावांनी १५६८ ते १६०५ या काळात युरोपभरची हस्तलिखित बातमीपत्रे जमविली आणि वर्षवार बांधून ठेवली. त्या बाडांचा संग्रह आज व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. या घराण्याचा मिरीच्या व्यापाराशी संबंध होता. फर्डिनांड क्रोन नावाचा त्यांचा मुनीम १५८७ पासून गोव्यात येऊन राहिला होता. त्यांच्या बातमीपत्रांतही मथळा म्हणजे केवळ गावाचे नाव आणि तारीख: व्हेनिसहून अमुक तारखेचे, अँटवर्पहून अमुक तारखेचे. सावकाराला तेवढे पुरे असते. कोणती बातमी मोठी हे त्याची वही त्याला सांगते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने एक वेगळाच संकलक निर्माण केला. देशी भाषांतील वर्तमानपत्रांत काय येते हे साहेबाला कळावे म्हणून सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीतून दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल निघे. मराठी, गुजराती, कानडी, उर्दू अशा पत्रांतील मजकुराचा इंग्रजीत सारांश, त्याखाली पत्राचे नाव व अंकाची तारीख. येथे मात्र क्रम होता. राजकारण व राज्यकारभार हे प्रकरण आधी. शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थाने ही मागाहून. म्हणजे पहिली बातमी कोणती हे सरकारच्या काळजीने ठरविले. शेतकऱ्याची विहीर आटल्याची बातमी पहिल्या पानावर येत नसे. त्या विहिरीबद्दल कलेक्टरावर टीका झाली की येई. आता नियतीचा खेळ पाहा. त्या काळच्या कित्येक लहान पत्रांचे मूळ अंक वाळवीने खाल्ले, रद्दीत गेले. त्यांचा उरलेला मागमूस म्हणजे हेच सरकारी सारांश. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते जपलेले आहेत. ज्यांना ही पत्रे धाकात ठेवावयाची होती त्यांनीच ती आपल्यासाठी राखली. पण राखली ती स्वतःच्या चाळणीतून. अभ्यासकाने हे विसरून चालत नाही.

पहिल्या पानावर सर्वांत मोठी बातमी हवी, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजली आहे की ती सनातन वाटते. लंडनच्या 'द टाइम्स' पत्राच्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत जाहिराती असत, बातम्या आत. असो.

आता आजच्या संकलकांकडे येऊ. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा गूगल या कंपनीच्या शोधयंत्रात बातमी शोधणाऱ्यांना जुनीच पाने मिळत होती. त्या कंपनीत काम करणारे कृष्ण भरत हे मूळचे बंगळूरचे अभियंते. एकाच घटनेविषयी निरनिराळ्या पत्रांनी लिहिलेले लेख संगणकाकडून एकत्र गोळा करवावेत, म्हणजे एका दृष्टिक्षेपात सर्व बाजू दिसतील, अशी त्यांची कल्पना होती. तिच्यातून सप्टेंबर २००२ मध्ये 'गूगल न्यूज' निघाले. सुमारे ४,००० वृत्तस्रोत त्यात घेतले होते, आणि या पानामागे कोणी मानवी संपादक नाही, असे ते पान स्वतःच अभिमानाने सांगत असे.

मग वर काय जाणार हे कोणी ठरवावयाचे? तत्त्व साधे होते. ज्या घटनेवर पुष्कळ पत्रांनी थोड्या अवधीत लिहिले ती मोठी. म्हणजे जगातील हजारो संपादकांनी आपापल्या कचेरीत जे ठरविले त्याची बेरीज. पण बेरीज करताना प्रत्येकाचे वजन सारखे धरावयाचे का? या कंपनीने २००३ साली पेटंटसाठी केलेल्या अर्जात वजन ठरविण्याच्या ज्या कसोट्या नमूद आहेत त्या वाचण्यासारख्या आहेत: पत्र किती लेख प्रसिद्ध करते, लेखांची लांबी किती, खप किती, नोकरवर्ग किती, कचेऱ्या किती ठिकाणी. पेटंटात लिहिलेले सर्वच व्यवहारात येते असे नाही, हे खरे. तथापि त्या यादीवरून एवढे दिसते की संपादक नाहीसा झाला नव्हता, त्याची मते आगाऊच यंत्रात भरून ठेवली होती. बेळगावच्या एखाद्या चार पानी पत्राला या तराजूत काय वजन मिळेल, हे सांगावयास नको.

दुसऱ्या काहींनी हा अधिकार वाचकांकडे दिला. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'रेडिट'ने आपले सूत्र पुढे काही वर्षे उघड ठेवले होते. गणिताच्या शिक्षकास ते वर्गात शिकविता येईल. अनुकूल मतांतून प्रतिकूल मते वजा करावयाची, बाकीचा दशमान लॉगरिदम घ्यावयाचा आणि बातमी जितकी नवी तितके गुण अधिक द्यावयाचे. दर ४५,००० सेकंदांना एक गुण. याचा अर्थ असा की पहिल्या १० मतांचे जेवढे मोल तेवढेच पुढच्या ९० मतांचे आणि तेवढेच त्यापुढच्या ९०० मतांचे. साडेबारा तासांनी मागून आलेली बातमी दहाव्या हिश्श्याच्या मतांवर आधीच्या बातमीची बरोबरी करते. मोठ्यातली मोठी बातमी एकदोन दिवसांत खाली ओढली जावी, अशी ही योजनाच आहे. शिळे खाली, ताजे वर, भाजीबाजाराचा न्याय.

'डिग' नावाच्या अशाच एका स्थळाची कथा अधिक बोधप्रद आहे. २००४ च्या अखेरीस ते निघाले. १ मे २००७ रोजी, चित्रपटांच्या तबकड्यांचे कुलूप उघडणारा एक गुप्त आकडा सांगणारी बातमी चालकांनी कायद्याच्या भीतीने काढून टाकली, तेव्हा वाचकांनी तोच आकडा असलेल्या बातम्यांनी सगळे पहिले पान भरून टाकले आणि रात्री चालकांना माघार घ्यावी लागली. पहिले पान कोणाचे, या वादाचा तो दिवस. पण त्याचे दप्तर? २०१२ साली ते स्थळ विकले गेले आणि नव्या मालकांनी ते नव्याने उभारले, तेव्हा जुन्या बातम्या आणि त्यांवरील मते त्यात आणली गेली नाहीत. लाखो लोकांनी वर्षानुवर्षे मत देऊन जो क्रम लावला तो एका सौद्यात पडद्याआड गेला. सभासदांना स्वतःची जुनी टिपणे उतरवून घेण्याची सोय मागाहून झाली, एवढेच.

हा सर्व प्रपंच काही संशोधकांच्या हौसेचा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून ८ सप्टेंबर २००८ या एका सोमवारची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

युनायटेड एअरलाइन्स ही अमेरिकेची विमान कंपनी डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. 'शिकागो ट्रिब्यून'ने १० डिसेंबर २००२ रोजी ती बातमी छापली. कंपनी पुढे सावरली आणि २००६ च्या फेब्रुवारीत त्या कज्ज्यातून बाहेर आली. ट्रिब्यूनच्याच मालकीच्या फ्लोरिडातील 'सन-सेंटिनेल' या पत्राच्या संकेतस्थळावरील जुन्या दप्तरात ती बातमी पडून होती. २००८ च्या सप्टेंबरातील ७ तारखेच्या रविवारी, उत्तररात्री, कोणीतरी ती उघडली. त्या वेळी वाचकच इतके थोडे होते की, मालक कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, एका वाचनानेही ती 'सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या' बातम्यांच्या चौकटीत जाऊन बसली. त्याच सुमारास गूगलचा बातम्या टिपणारा संगणक तेथे फिरत आला. चौकटीत नवा दुवा दिसला. पानावर मूळची २००२ ही तारीख नव्हती. वरच्या बाजूला चालू दिवसाची तारीख मात्र होती. संगणकाने बातमी ताजी समजून आपल्या संग्रहात घेतली. सोमवारी सकाळी गुंतवणूकदारांसाठी वृत्तपत्रिका काढणाऱ्या एका संस्थेतील माणसाने दिवाळखोरीच्या बातम्या शोधताना ती पाहिली आणि तिचा सारांश ब्लूमबर्गच्या वृत्तसेवेवर दिला. तेथून ती शेअरबाजारातील दलालांच्या पडद्यावर पोहोचली. १२ डॉलरच्या वर असलेला शेअर काही मिनिटांत ३ डॉलरवर आला. व्यवहार थांबवावे लागले. कंपनीने खुलासा केला. दिवस संपताना भाव १०.९२ डॉलर होता. मधल्या काळात भीतीने विकून बसलेल्यांचे जे गेले ते गेले.

यात खोटे कोणीच बोलले नव्हते. बातमी खरी होती, छापणारे पत्र नामांकित होते, जपून ठेवणाऱ्याने जपली होती, वाचकाने वाचली, यंत्राने टिपली. हरवली होती ती केवळ तारीख. औरंगजेबाच्या दरबारातील कारकुनाने जी चूक केली नसती ती येथे झाली. गूगलने आणि पत्राच्या मालकांनी नंतर एकमेकांकडे बोट दाखविले. माझ्या मते दोघांपेक्षाही अधिक दोष, जुन्या कागदावर आजची तारीख झळकविणाऱ्या त्या पानाच्या मांडणीचा होता.

याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी एक लहानशी पण माझ्या दृष्टीने लक्षणीय घटना घडली. गेब रिव्हेरा या संगणकतज्ज्ञाने २००५ साली सुरू केलेले 'टेकमीम' हे तंत्रविषयक बातम्यांचे पान तोवर संपूर्ण यंत्रावर चाले: कोणाच्या लेखाला कोणी दुवा दिला, किती जणांनी दिला, हे मोजून क्रम लागे. केवळ यंत्रावर काम भागत नाही, अशी कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली आणि मानवी संपादक नेमला. शिळी झालेली किंवा पुढच्या वृत्ताने खोटी ठरलेली बातमी यंत्र लवकर खाली उतरवीत नाही, माणूस उतरवितो, हा त्यांचा अनुभव. पण मला या पानाचे विशेष वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. त्याच्या दप्तरात सुट्या बातम्यांची केवळ यादी नाही. मागील एखादा दिवस आणि वेळ सांगावी, त्या घटकेला ते पान जसे होते तसे समोर येते. वर काय होते, खाली काय होते, कोणत्या बातमीभोवती कोणाकोणाची मते गोळा झाली होती, सर्व आपापल्या जागी. गूगल न्यूजचे कालचे पहिले पान वाचकाला असे मागता येत नाही.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे काम एका विमाव्यवसायी गृहस्थाने हाती घेतले होते. पॉल सिम्पसन यांचे नाव. अमेरिकेतील वाहिन्या आपल्या रात्रीच्या बातम्यांच्या फिती जेमतेम दोन आठवडे ठेवून पुसून टाकतात, हे १९६८ मध्ये कळल्यावर त्यांनी आपल्या जुन्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मागे लागून ५ ऑगस्ट १९६८ पासून रोजच्या बातम्यांचे मुद्रण सुरू करविले. कोणती बातमी पहिली, ती किती वेळ चालली, तिच्यानंतर काय, हे सर्व तेथे नोंदलेले सापडते. एका वाहिनीने १९७३ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. १९७६ च्या कायद्याने अशा ग्रंथालयांना संरक्षण मिळाले. संकेतस्थळांच्या बाबतीत ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेले इंटरनेट आर्काइव्ह हे काम करते. पण एवढ्या अफाट पसाऱ्यात ते प्रत्येक पानाकडे अधूनमधूनच जाऊ शकते, आणि बातम्यांचे पहिले पान तर तासातासाला पालटते. ही उणीव ओळखून बेन वेल्श या पत्रकाराने २०१२ मध्ये निवडक वृत्तस्थळांच्या पहिल्या पानांची दर तासाला चित्रे घेण्यास आरंभ केला होता. एका माणसाच्या उत्साहावर चाललेले काम ते.

आता आमच्या फळ्याचे सांगून थांबतो. मुख्याध्यापक फादरांच्या अनुमतीने आम्ही एक जाड बांधणीची वही केली आहे. फळा पुसण्यापूर्वी पाचही ओळी त्याच क्रमाने तिच्यात उतरतात. खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव. त्या विद्यार्थिनीने मात्र आपला शोध सोडला नव्हता. शाळेच्या कपाटातील छायाचित्रे चाळताना तिला १२ मार्च २०२० चे एक छायाचित्र सापडले. वक्तृत्वाची ढाल जिंकलेला मुलगा व्हरांड्यात उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे आमचा फळा. दुसरी ओळ स्वच्छ वाचता येते: परदेशी प्रवाशांचे व्हिसा १५ एप्रिलपर्यंत स्थगित. तिसरी जागतिक आरोग्य संघटनेच्या घोषणेची. चौथी आणि पाचवी अर्धवट दिसतात. पहिल्या ओळीच्या पुढे त्या मुलाने दोन्ही हातांनी ढाल उंच धरलेली आहे.